बोट घसरलं

३ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

शेअरच्या किमतींचे गणिती आडाखे बांधणाऱ्या त्या कंपनीने मुलाखतीला बोलावलंय! चाळीस गणितांची चाचणी मी तासाभरात उरकली होती. पण त्यांच्या पत्रात माझ्या नावाखाली भलत्याच नामवंत विद्यापीठाचं नाव आहे. माझी परीक्षा होती म्हणून फॉर्म तुम्ही भरलात. आमचं विद्यापीठ यादीत नसतंच, शेवटी नुसतं ‘इतर’ असतं. तुमचं बोट दुसऱ्याच ओळीवर पडलं की काय? ‘इतर’ निवडून मी अकरा अर्ज केले, एकानेही विचारलं नाही. मैत्रिणी म्हणतात, गप्प बस. मला ही नोकरी फार हवी आहे. काय करू?

मामीला नमस्कार. तुम्ही रागावणार नाही असं धरून चालते.

तुमची पिंगी

९ मार्च

चि. पिंगीस, अ. उ. आ.

तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, लोकांच्या वेलांट्या पकडल्या, आणि घरच्या फॉर्मवर ही गत! चष्म्याचा नंबर वाढला असावा. मामी म्हणते, नंबर नाही, वय वाढलंय. झालं ते झालं. आधी नोकरी पदरात पडू दे, मग सावकाश सांग.

कळावे. काळजीचं काम माझ्याकडे दे, तू गणितं सोडव.

मामा

१७ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. मुलाखतीला बसताच सांगून टाकलं, ते विद्यापीठ माझं नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, चूक कोणाची. मी तुमच्या चष्म्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘इतर’वाल्यांची उत्तरं कुणी बघतच नाही, संगणक परस्पर वगळतो. मग फासे टाकताना कधी थांबावं, याचं गणित आम्ही तासभर फळ्यावर सोडवलं. फार मजा आली. आज कळवलंय: फॉर्ममधली माहिती खोटी, म्हणून निवड नाही. रडले थोडी.

लोभ आहे तेवढा राहू द्या.

पिंगी

२३ मार्च

चि. पिंगीस, अ. उ. आ.

चष्म्याचा नंबर तोच आहे. ‘इतर’वर बोट नेलं होतं, दाबवेना. पाच वर्षं मान मोडून शिकलेल्या पोरीला हा शब्द? म्हणून ते नाव मुद्दाम निवडलं. तुझी संधी मी घालवली. त्या बाईंना पत्र लिहून खरं काय ते कळवतो.

रागावलीस तरी लिहीत जा.

मामा

२९ मार्च

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

बाईंना काही लिहू नका. आज पुढचा अर्ज भरला, ‘इतर’ मीच निवडलं.

आणि मामा, ते विद्यापीठ यादीत चौथं, ‘इतर’ दोनशे सातवं. बोट घसरून घसरणार किती? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या खोलीत मी एकच गोष्ट खोटी सांगितली, तुमच्या चष्म्याची.

तुमचीच,
पिंगी