वैशालीला आणू नकोस

भवानीपूर, कलकत्ता
कोजागिरीनंतरचा गुरुवार

प्रिय सुनू,

अनेक आशीर्वाद. भाऊबीजेला श्यामकांतला ओवाळायला वैशालीला घेऊन येतेस, हे तुझं पत्र दसऱ्याआधीच पोचलं. उत्तर लिहिलं आणि फाडलं, असं दोनदा झालं. मी मराठी चौथी शिकलेला, त्यात हात कापतो, पण उशिराचं कारण ते नाही. जावईबापूंचा खोकला कसा आहे? गाडीत खिडकीशी बसू नकोस, कोळशाचे कण डोळ्यात जातात.

श्यामकांत तुरुंगातून सुटला तो आषाढात. हल्ली बेहालाला घोषालबाबूंच्या कारखान्यात पत्र्याच्या ट्रंका करतो. त्याला कामाला लावताना मी त्यांना सगळं सांगितलं, तुरुंग कशासाठी झाला तेसुद्धा. ते म्हणाले, माझ्याकडे बाई नाही, पोर नाही, नुसता पत्रा आहे, येऊ दे. सकाळी बसपर्यंत मी त्याला सोडायला जातो, संध्याकाळी आणायला. मुलींच्या शाळेची वेळ असते म्हणून लांबच्या गल्लीने जातो. रात्री पोळ्या तोच करतो, माझ्यापेक्षा बऱ्या होतात.

आपल्या घरचा भोंडला तुझी आई गेल्यावरही मी मोडू दिला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या प्रेमलताबाई खाली येऊन पाटावर हत्ती काढायच्या, मी खिरापतीला वाटली डाळ करायचो. मुली ती दरवर्षी ओळखायच्या, कारण मला दुसरं काही येतच नाही. यंदाही मी आपल्या मराठी घरांतून बोलावणं करून आलो. श्यामकांतला दिवेलागणीपर्यंत गंगेवर नेतो, घरात पुरुष माणूस असणार नाही, असंही सांगितलं. मला वाटलं, एवढं पुरे.

आम्ही परतलो तेव्हा पाट कोरा होता आणि डाळीवरचं झाकण तसंच. भोंडला वर प्रेमलताबाईंकडे चालला होता. गाणी ऐकू येत होती, आमच्या छतावर पावलं वाजत होती. श्यामकांतने हातपाय धुतले आणि कणीक मळायला घेतली. नंतर बाई वाटीत त्यांची खिरापत घेऊन आल्या. म्हणाल्या, दादा, राग धरू नका, मुली आल्या असत्या हो, पण त्यांच्या आयांचा जीव थाऱ्यावर राहिला नसता. मला राग आलाच. मी म्हटलं, त्याची सजा भोगून झाली आहे. त्या हळूच म्हणाल्या, त्याची झाली, पण त्या कंपाउंडरच्या पोरीचं काय संपलं? ती तेव्हा आपल्या वैशालीएवढीच होती. वाटी घेतली आणि दार लावलं. आमची डाळ आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशीही खाल्ली.

तरीसुद्धा मी तुला दोघी या असंच लिहिणार होतो. घरातलंच माणूस आलं नाही तर बाहेरच्यांना काय नावं ठेवायची, असा माझा हिशेब. तुझं पत्र मी श्यामकांतला वाचायला दिलं. त्याने वाचलं, घडी घातली. मग म्हणाला, आप्पा, ताईला येऊ द्या, वैशालीला नको. मी विचारलं, का रे, लोक बोलतील म्हणून, की तुझंच काही? तो उठला आणि ताटं घासायला बसला. मी पुन्हा विचारलं नाही. त्याने स्वतः होऊन सांगितलं याचा मला धीर आला, आणि भीतीही वाटली. दोन्हीतलं खरं कुठलं, हे ठरवत बसलो आणि इतके दिवस गेले. आता ठरवत नाही. वैशालीला तुझ्या सासूबाईंपाशी ठेव. तू मात्र ये, त्याला ओवाळायला दुसरं कोणी नाही. पोर रुसेल. आजोबांनीच नको म्हटलं असं सांग तिला, मामाचं नाव काढू नकोस. रुसू दे माझ्यावर.

तुझाच,
आप्पा