भाऊजींचा अर्धा गुण

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठातलं एक अंग वजा धरावं.) तुझी पाठ कशी आहे? नव्या गादीने फरक पडला, की गादीवाल्याचा उद्धार अजून चालूच आहे? इकडे सगळे खुशाल. दुकानही ठीक चाललंय. लोकांना दिवसेंदिवस कमी दिसतंय, तेव्हा चष्मेवाल्याला काळजीचं कारण नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी 'ताई' म्हणेपर्यंत तुझं निम्मं ऐकून झालेलं असतं आणि उरलेलं निम्मं तूच मला सांगतेस. शिवाय अहवाल लेखी हवा, ही तुझीच अट होती. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलोय. मध्येच कुणी काचा पुसायला आला तर अक्षर बदलेल, समजून घे.

तुझी अट तुलाच परत सांगतो, म्हणजे मागाहून शब्दावरून वाद नको. औषधांचं दुकान विकल्यापासून भाऊजी दिवसभर बुद्धिबळाचा पट मांडून स्वतःशीच खेळतात, पट फिरवतात, पुन्हा खेळतात, आणि (हे शब्द तुझे) स्वतःशी खेळूनही हरतात. तू काही विचारलंस तर उत्तर एकच, 'हं'. त्यावर तू फर्मान काढलंस की धाकट्याच्या गावात ती मोठी खुली स्पर्धा भरते, तिथं जाऊन नऊ डाव खेळा. निम्मे गुण आणलेत तर पट बाहेरच्या खोलीत राहील. नाही आणलेत तर पट माळ्यावर आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझ्याबरोबर बागकामाच्या वर्गाला. निकाल कळवायचा मी, कारण भाऊजींवर तुझा भरवसा नाही. (माझ्यावर कधीपासून बसला, हे मला कोडंच आहे.) अट ऐकून भाऊजी तिकडे हसले असतील. इथं आल्यावर चपला काढता काढता त्यांनी मला पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'माळ्यावर लाकडाला ओल लवकर लागते का रे?' तेव्हाच मी ओळखलं की माणूस धास्तावलाय.

सभागृह म्हणजे एरवीचं बॅडमिंटनचं मैदान. लांबच लांब टेबलं, शेकडो पट, शेकडो घड्याळं, आणि एवढी माणसं असून शिंकायची चोरी. तगडे खेळाडू पुढे, व्यासपीठाजवळ. तिथून मागे मागे यावं तसतसे चष्मे जाड होत जातात (धंद्याची नजर, काय करणार). भाऊजी अगदी मागे, भिंतीला लागून. बघणाऱ्यांसाठी दोरी बांधलेली आणि दोरीपाशी बोलायला बंदी, त्यामुळे सगळी चर्चा व्हरांड्यात, चहाच्या यंत्राजवळ. ताई, खरी स्पर्धा तिथं होते. आत खेळणारा एकेक खेळी करायला घाम गाळतो, बाहेर बघणारा एका घोटात दहा करतो आणि घड्याळाचं नावही काढत नाही. तिथले अध्यक्ष एक मफलरवाले. पंख्याखाली उभे असले तरी मफलर, आणि चष्मा एका कानाकडे कललेला (मी दुसऱ्या दिवशी न राहवून तो सरळ करून दिला, तिथून आमची दोस्ती). त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी असतो तर' असं सुरू होतं. दरवर्षी येतात, पण खेळत नाहीत. खेळलं की दुसऱ्याच्या डावाकडे दुर्लक्ष होतं, म्हणाले.

पहिल्या फेरीत भाऊजींच्या समोरचा आलाच नाही. भाऊजी पाठ ताठ करून बसून राहिले, शेवटी पंचांनी येऊन पूर्ण गुण दिला. मी आनंदाने त्यांच्या पाठीत थाप मारली तर हे रुसलेले. गिऱ्हाईक न येता विक्री कसली, म्हणे. दोन दिवस त्यांना तो गुण पचला नाही. (मग लागोपाठ दोन डाव हरले, तेव्हा पचला.) पुढे एक डाव असा जिंकले की समोरच्याने यांना चहा पाजला, आणि एक असा हरले की यांनी त्याला पाजला. असं पडत झडत आठ डावांनंतर गुण झाले चार. म्हणजे शेवटचा डाव हरले तर माळा, बरोबरीत सुटला तर अर्धा गुण मिळून जेमतेम निम्मे, आणि जिंकले तर तुझ्यासमोर मान वर करून चालायची सोय. त्या सकाळी भाऊजींनी दाढी करताना दोनदा कापून घेतलं.

आता एक गोष्ट तुला माझ्याहून जास्त माहीत आहे, पण अहवालात यायला हवी. भाऊजींची दुकानातली सवय. डॉक्टरची चिठ्ठी वाचायची, बाटली काढायची, लेबल फिरवून बघायचं, पुन्हा चिठ्ठी बघायची, आणि मग स्वतःशीच पुटपुटायचं, 'बरोबर'. तो 'बरोबर' निघाल्याशिवाय कुणाला खोकल्याचं औषधसुद्धा मिळालं नाही. तीच सवय पटावरही. मोहरा ठेवला, हात काढला, की 'बरोबर'. मग घड्याळ दाबणार. हरतानासुद्धा 'बरोबर'. आठ डावांत समोरच्या आठांपैकी (पहिला आलाच नाही, म्हणजे सातांपैकी) कुणी हरकत घेतली नाही.

शेवटच्या डावात समोर आल्या दातांच्या डॉक्टर. बाई अगदी शांत, चष्मा नाजूक, हात स्थिर. भाऊजींच्या गालफडाकडे त्यांनी एकदा नजर टाकली तेव्हा भाऊजींनी तोंड घट्ट मिटलं, पुढे 'बरोबर'सुद्धा मिटल्या दातांआडूनच. पण काय खेळले, ताई! दुपारपर्यंत यांच्याकडे एक अख्खा हत्ती जास्त. मफलरवाल्यांनी मला कोपराने ढोसलं. बातमी व्हरांड्यात गेली आणि चहा टाकून दहाबारा माणसं आमच्या दोरीपाशी जमली. भाऊजींनी हत्ती उचलला, बाईंचं एक प्यादं मारलं, हात काढला, आणि पुटपुटले, 'बरोबर'. घड्याळ दाबलं. बाईंनी चमकून वर पाहिलं, सुस्कारा सोडला आणि हात पुढे केला. भाऊजींनी तो दोन्ही हातांनी धरून असा हलवला की मला वाटलं, बाईंनी हार मानली. दोघांनी कागदावर सह्या केल्या. दोरीपाशी टाळ्यांना बंदी नसती तर आम्ही छप्पर उडवलं असतं.

आणि तासाभराने भिंतीवर निकालाची यादी लागली तर भाऊजींपुढे अर्धा गुण! व्हरांड्यात हलकल्लोळ. मफलरवाल्यांनी तिथल्या तिथे उलगडा केला. यांचा 'बरोबर' बाईंना ऐकू आला 'बरोबरी'! बाईंना वाटलं, हे बरोबरी मागताहेत. हरणाऱ्याला आणखी काय हवं? त्यांनी लगेच हात दिला, आणि आमच्या भोळ्या सांबाने सही ठोकली. मफलरवाल्यांनी खिशातला छोटा पट काढून तिथंच डाव मांडून दाखवला. हत्ती इथं, राजा तिथं, भाऊजी सरळ सरळ जिंकत होते. 'मी असतो तर' पुढच्या पाच खेळींत संपवला असता, म्हणाले. मी तावातावाने पंचांकडे गेलो. पंचांनी दोन सह्या दाखवल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं (वाचायचा नंबर वाढलाय त्यांचा). मी आणखी बोलणार होतो, तर भाऊजींनीच माझी बाही ओढली. धक्का इतका मोठा की लागोपाठ दोन पेले पाणी प्यायले. एवढा अन्याय होऊन चकार शब्द न काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. (पहिला कोण आला असं विचारशील तर कुणीतरी आला. ढाल घेऊन एकटाच समोरून गेला. सगळे आमच्या पटाभोवती होते.)

इथवर ठीक होतं. पण भाऊजी पिशवी आणायला आत गेले तेवढ्यात त्या डॉक्टर फाटकापाशी माझ्याकडे आल्या. चेहरा पडलेला. म्हणाल्या, काका, मी घाई केली. आता फोनवर डाव लावून पाहिला. त्यांनी हत्ती हलवला ना, तेव्हा त्यांची शेवटची रांग उघडी पडली होती. माझा वजीर सरळ खाली उतरला असता की मात. एका खेळीत! बरोबरी म्हणताच मी हरखले आणि पटाकडे पुन्हा पाहिलंच नाही. मी त्यांना 'बरोबर'ची भानगड सांगितली तर तोंडावर हात ठेवून हसल्या, मग गंभीर झाल्या. त्यांना सांगू नका हं, म्हणाल्या, जिंकत होतो असं समजताहेत बिचारे. मी शब्द दिला. बाई भल्या आहेत. मी त्यांचा चष्मा फुकट घट्ट करून देणार आहे.

तर ताई, मुद्दा हा. तेव्हापासून भाऊजी बदललेत. जेवताना बोलतात. तीनदा भाजी मागून घेतात. मी 'अन्याय झाला' म्हटलं की मान हलवतात. परवा तर स्वतः होऊन म्हणाले, 'हत्ती होता रे माझा.' त्या घरभर बसलेल्या 'हं'च्या जागी आता एक सबंध तक्रार आली आहे आणि ती त्यांना चांगली मानवते आहे. वाक्यावाक्याला त्यांच्या अंगावर मांस चढताना मला दिसतंय. मला फार बरं वाटतं गं त्यांना असं बघून. तेव्हा हात जोडून दोन मागण्या. एक, निम्मे म्हणजे निम्मे, पट खालीच राहू दे. दोन, ती मात त्यांना कधी कळू देऊ नकोस. जिंकलेला डाव हातचा गेला, एवढंच त्यांना माहीत असू दे.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवावा. राग आला तर फोन करू नये, पत्राने यावा.

तुझा,
धाकटा

ता. क. : आणि समजा, तू पट माळ्यावर टाकायचाच ठरवलास, तर तो उगाच वर चढवू नकोस, माझ्याकडे पाठवून दे. मफलरवाले हल्ली दुकानात येऊन बसतात. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत थेंब घातले की ते डोळे मिटून बसतं, तेवढ्यात अर्धा डाव होतो. पुढच्या वर्षी माझंही नाव घालायचा विचार आहे. हे भाऊजींना बोलू नकोस. पत्र त्यांच्याच हाती पोस्टात पाठवतोय, पण ते दुसऱ्याची पत्रं वाचणारे नव्हेत.

ता. क. दुसरा : अगं, ऐकलंस का,

अक्षर ओळखलं असशीलच. तुझ्या भावाने पाकीट माझ्या हातात दिलं, डिंक लावायला विसरून. हातात आलेला कागद न वाचता मी कधी पुढे दिलेला नाही, आता या वयात काय सुधारणार.

डॉक्टरबाईंनी नीट ऐकलं होतं. मी त्या वेळी 'बरोबर' म्हणालोच नाही. हत्ती हलवला, हात सुटला, आणि मग मागची रांग दिसली. हात सुटल्यावर खेळी परत घेता येत नाही. 'बरोबरी?' असं विचारलं आणि घड्याळ दाबलं. घसा कोरडा होता, शेवटचं अक्षर दोरीपर्यंत पोचलं नसेल. बाईंनी हात दिला तेव्हा त्यांच्या पाया पडावं असं वाटलं. नंतर बाहेर सगळे माझ्यासाठी भांडायला लागले. मफलरवाल्यांनी हत्ती भलत्याच घरात मांडला हे मला दिसत होतं. पण एवढी माणसं आपल्या बाजूने कधी उभी राहिली होती? मोडवेना. आता तर मधून मधून मलाही वाटतं की मी जिंकतच होतो. तुझ्या भावाला यातलं काही सांगू नकोस. फार जपतोय तो मला.

तेव्हा गुण निम्मे झाले हे खरं, पण शेवटचा अर्धा मी मागून घेतलाय. तू पट माळ्यावर ठेव म्हणालीस तर मीच शिडी धरीन. एवढंच सांगतो की इथं मला डावापेक्षा समोर कुणीतरी बसलेलं आवडलं. ते विचार करताना नाक खाजवतात, उसासे टाकतात, वेळ घेतात, आणि आपण वाट बघतो. घरी हे मी तुला कधी म्हटलं नाही. बागकामाच्या वर्गाला मी येतो, सांगशील ते उपटेन. पण त्यानंतर तासभर तू माझ्यासमोर बस. घोडा अडीच घरं कसा चालतो ते दाखवीन. नाही पटलं तर तुझा घोडा तुला हवा तसा चालव. घरात पंच नाही, आणि मी तक्रार करणार नाही.