आठजणींचा संघ

दुर्गाघाट, वाराणसी
९ ऑगस्ट

ती. संपदाआत्या हिला,

देवश्रीचा नमस्कार. (पायांवर डोकं ठेवते असं लिहायची पद्धत आहे, पण इंदूर इथून नऊशेहून जास्त किलोमीटर लांब आहे, आणि जे घडलेलं नाही ते लिहायची मला सवय नाही.) आतोबांनाही नमस्कार. त्यांचा रक्तदाब आणि तुझी टाच कशी आहे ते कळव. टाचेबद्दल जास्त सविस्तर कळव. इकडे आई बरी आहे, बाबांची उपाशीपोटी साखर एकशे अठरा आहे. तू पाठवलेलं कैरीचं लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही, थोडं तेल गळलं होतं. हे पत्र त्या लोणच्याची पोच म्हणून लिहीत आहे. फोन केला असता, पण आपल्याकडे तुझा फोन आला की आई मधे उभी राहते. तू तिला म्हणतेस, दादाला विचार. बाबा तिला म्हणतात, तिला सांग. आणि दोघांचे आवाज दोघांना स्वच्छ ऐकू येत असतात. सत्तावीस वर्षं ही व्यवस्था चालू आहे. आई बिचारी त्यात फक्त तार आहे.

तर उन्हाळा. नोव्हेंबरात अर्धमॅरेथॉन पळायची असं ठरवून मी एप्रिलपासून तयारीला लागले. एकवीस किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं दहा सेकंद. आठवड्यांचा तक्ता करून भिंतीला लावला. इथे मे महिन्यात पळायचं तर पहाटे साडेचारला निघावं लागतं, नाहीतर सातपासून भाजून काढणारी लू वाहायला लागते. दुर्गाघाटावरून अस्सीपर्यंत घाटाघाटाने जायचं आणि परत यायचं. यंदा ज्येष्ठ अधिक आल्यामुळे स्नानाला दुप्पट माणसं होती, आणि अहिल्याबाई घाटावर ओल्या धोतरांमधून वाट काढावी लागायची. (एकदा माझ्या पायाने कुणाचं तरी पळी-पंचपात्र सात पायऱ्या खाली गेलं. त्यावर ते गुरुजी जे बोलले ते संस्कृत नव्हतं.) राजा घाटावर एक नाववाला रोज दात घासत उभा असायचा. मी दिसले की मागे वाकून बघायचा आणि ओरडायचा, “दीदी, पीछे तो कोई नहीं है!” पहिला आठवडा मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की त्याचं निरीक्षण बरोबर आहे. माझ्या पळण्यात मागे कोणी नसतं, पुढेही कोणी नसतं. मनगटावर एक आकडा असतो आणि मी त्याच्याशी जमवून घेत असते. हे मला फार सोयीचं वाटत होतं.

जूनमध्ये आठ दिवस सुट्टी काढून मी मधुवंतीबरोबर (ऑफिसातली मैत्रीण, कोपऱ्यावर जायलाही रिक्षा करते) अल्मोड्याच्या वर एका गावी गेले. थंड हवा, चढाचे रस्ते, सराव उत्तम होईल असा हिशेब होता. गावात मोबाइल लागत नव्हता. वर एक चहाची टपरी होती, सव्वादोन किलोमीटरवर, तिच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं तर लागायचा. मी रोज संध्याकाळी तिथपर्यंत पळत जायची. मधुवंतीला वाटलं चढाचा सराव. खरं म्हणजे त्या आठवड्यात आपल्या दुर्गाघाटाच्या मुलींचे खो-खोचे सराव सामने चालू होते आणि बाबा मला निकाल पाठवत होते. बाबांचे निरोप तुला ठाऊक आहेत, अजून तारेचे शब्द वाचवल्यासारखे लिहितात. पहिल्या दिवशी: “प्रयागवाले अकरा. आपण नऊ.” दुसऱ्या दिवशी: “आज आपण बारा.” (त्या दिवशी मी टपरीवाल्याला दोन चहांचे पैसे देऊन एकच प्यायले, असं त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला आठवत नाही.) चौथ्या दिवशी: “रुची पडली. गुडघा.” पाचव्या दिवशी फक्त एक शब्द होता: “आठ.”

तुझ्या वेळी आपल्या मोहल्ल्यात इतक्या मुली होत्या की राखीव मुलीसुद्धा रुसून बसायच्या, असं आई सांगते. आता मुली बारावी झाल्या की पुण्याला जातात, आणि पाठोपाठ घरंही जातात. मैदानात नऊ लागतात. दसऱ्याच्या आठवड्यात झाशी, ग्वाल्हेर, प्रयाग आणि आपण अशी चार मंडळांची ती स्पर्धा अजून होते. तिच्या नियमावलीचं अकरावं कलम सांगतं की सलग दोन वर्षं नऊ खेळाडू उभे करता आले नाहीत तर संघाचं नाव कायमचं वगळलं जाईल. गेल्या वर्षी आपण आठच होतो. बाबांनी या संघाला शिकवायला घेऊन तीस वर्षं होतील. त्यांना दुसरा कोणताही छंद नाही. हे मी काळजीने लिहीत नाही, माहिती म्हणून लिहीत आहे.

परत आल्यावर मी नववी म्हणून उभी राहिले. बाबांनी विचारलं नव्हतं, मीच बूट घालून गेले. दोन तास न थांबता पळू शकणारी मुलगी नऊ मिनिटांच्या डावात काय अडचणीत येणार, असा माझा अंदाज होता. मी अडतीस सेकंदांत बाद झाले. दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलीने मला बाद केलं आणि वर “ताई, लागलं नाही ना?” असं विचारलं. कारण उघड आहे. मी समान वेगाने पळते, त्यामुळे पुढच्या सेकंदाला मी कुठे असेन हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकतं. बाबा खुंटाजवळ उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “देवू, तू पळत नाहीस. तू जातेस. बँकेत जातात तशी.” मग त्यांनी मला हुलकावणी शिकवायला घेतली. खांदा एकीकडे टाकायचा आणि पाय दुसरीकडे. शरीराने खोटं बोलायचं. मला ते जमायला पाच आठवडे लागले, आणि आता मी एक मिनिट पाच सेकंद टिकते. मागे कुणीतरी आहे, आणि बसलेल्या आठजणींपैकी कोण उठेल ते माहीत नाही, अशा वेळी डोक्यात दुसरा कुठलाही विचार येत नाही. मला ते आवडतं असं मी म्हणत नाही. पण तक्ता भिंतीवरून कधी पडला ते मला कळलं नाही.

घाटावरचं पळणं तर जुलैत थांबलंच. मी नदीची पातळी मोजणाऱ्या यंत्रांवर काम करते. शुक्रवारी मीच कळवलं होतं की उद्या पहाटे घाटांवरची वाट पाण्याखाली जाईल. शनिवारी पहाटे मी बूट बांधून शिंदे घाटापर्यंत गेले आणि पाणी बघून दचकले.

गेल्या आठवड्यात संघातल्या सुरेखाला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पेढे घेऊन आली आणि बाबांच्या पाया पडून रडली. बाबांनी पेढा खाल्ला (साखर एकशे अठरा आहे ती त्याच्या आधीची). आम्ही पुन्हा आठ. तरी बाबा रोज संध्याकाळी चुन्याची फक्की टाकून पूर्ण मैदान आखतात. पाठलागाच्या वेळी रिकाम्या चौकोनात बासष्टाव्या वर्षी ते स्वतः बसतात. त्यांना खो मिळाला की उठायला चार सेकंद लागतात. आम्ही सगळ्या तेवढा वेळ हळू पळतो. त्यांच्या ते लक्षात आलेलं आहे.

आता विषय निघालाच आहे म्हणून. सत्तावीस वर्षांपूर्वी झाशीविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात ठरलेला पंच आला नाही, बाबा पंच झाले आणि त्यांनी तुला बाद दिलं. नियम सोपा आहे, दोन्ही पाय रेषेबाहेर गेले तर बाद. बाबा म्हणतात दोन गेले, तू म्हणतेस एक. मी दोन्ही बाजू अनेकदा ऐकल्या आहेत. फोटो नाही, जवळ उभे असलेल्यांपैकी तिघे वारले, चौथ्यांना काही आठवत नाही. उपलब्ध माहितीवरून निर्णय देता येत नाही. एकच गोष्ट नोंदवते, जी बहुधा तुला कुणी सांगितली नसेल: त्या दिवसानंतर बाबांनी कधीही पंचाची शिट्टी हातात घेतलेली नाही. लोकांनी बोलावलं तरी जात नाहीत. कारण सांगत नाहीत.

असो. लोणचं पोचलं हे कळवायचं होतं, ते कळवून झालं. तुझ्या निनादला आशीर्वाद द्यायचं माझं वय नाही, तेव्हा नुसती आठवण सांग.

तुझी,
देवश्री

ता. क. नियमावलीचं चौथं कलम: खेळाडू काशीत जन्मलेली किंवा दहा वर्षं राहिलेली असावी, वय चौदाच्या खाली नसावं. वरची मर्यादा लिहिलेली नाही. मी तीनदा वाचलं. तुझ्या शाळेच्या क्रीडादिनाचा व्हिडिओ निनादने फेब्रुवारीत पाठवला होता. शिक्षिकांच्या संघात तू एक मिनिट चाळीस सेकंद नाबाद होतीस, माझ्यापेक्षा पस्तीस सेकंद जास्त. दसऱ्याला शाळांना सुट्टी असते. या तीन गोष्टी मी नुसत्या शेजारी शेजारी ठेवत आहे.

आणखी एक. नावं पाठवायची शेवटची तारीख काल होती. मी नऊ नावं पाठवली. नकार द्यायचा असेल तर मला दे, आईला मधे घालू नकोस.

शेवटचं. पाकीट बंद करणार होते, पण यादीची छापील प्रत मागाहून पाठवायची असते आणि तिच्यावर प्रशिक्षकाची सही लागते, म्हणून ती आत्ता बाबांपुढे ठेवावी लागली. त्यांनी सावकाश नऊही नावं वाचली. मी तीन उत्तरं तयार ठेवली होती, एकही लागलं नाही. तुझ्या नावापुढे मी बावन्न लिहिलं होतं, ते त्यांनी खोडून एक्कावन्न केलं आणि म्हणाले, “बावन्न कार्तिकात होतील तिला.” मग सही केली. मग आईला हाक न मारता मलाच विचारलं, “कुठल्या गाडीने येते आहे ती?” तो प्रश्न मी इथे जसाच्या तसा उतरवते आहे. ते समोरच बसले आहेत.