नाकतोड्याचं लगीन

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।
बोरीकाठचे शेत, अक्कलकोटजवळ
ता. १२ जुलै १९३४

ती. सौ. गौरम्माअक्कास धाकट्या रेवणप्पाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आणि शेंगाचटणीचा डबा दोन्ही पोचले. आधी डबा उघडला, रागावू नकोस.

इथल्या नाकतोड्यांना पंख नसतात हे तुला लिहिले होते. उड्या मारत येतात आणि ज्वारीचा पाला फस्त करून पुढे जातात. पंख नाहीत म्हणून त्यांना बोरी नदी ओलांडता येत नाही. अलीकडचे पिवळट, पलीकडचे हिरवे. किती हजार वर्षे एकमेकांना न भेटता दोन काठांवर राहत असतील, याचाच विचार करत मी बांधावर बसून राहतो.

मागे स्टेशनात पलटणीची खेचरे उतरताना पाहिली. आई घोडी, बाप गाढव. खेचर राबते, खाते, पण त्याला पिल्लू होत नाही. मनात आले, नाकतोड्यांचे असे खेचर झाले तर? विष नको, झोळ्या ओढून किडे धरणे नको. जात आपणहून विरत जाईल. म्हणून गेल्या भाद्रपदात पलीकडचे नर टोपलीतून आणून अलीकडच्या माद्यांबरोबर जाळीच्या पेटीत ठेवले. आठवड्यापूर्वी त्यांची अंडी फुटली. तांदळाच्या दाण्याएवढी पिल्ले आहेत, अक्का, आणि डोळे मात्र म्हाताऱ्यांचे!

शेजारच्या रानातला गुरप्पा रोज विचारतो, काय साहेब, नाकतोड्याचं लगीन लावताय व्हय, आमाला जेवण कधी? मी त्याला सांगितले आहे, पोरी वांझ निघाल्या की पेढे वाटीन.

दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी असू दे.

तुझा
रेवणप्पा


।। श्री ।।
भवानी पेठ, सोलापूर
ता. ३ ऑगस्ट १९३४

चि. तम्मा रेवणप्पास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले की तुझे दाजी लुगड्यांचे दुकान लवकर बंद करतात, झोपाळ्यावर बसतात आणि मला वाचायला सांगतात. लगीन ऐकून इतके हसले की पानाचा ठसका लागला. मग पेढ्यांच्या आधीचा तो शब्द आला. माझी जीभ अडली. यांनी वर न बघता म्हटले, वाच की पुढं. आत सासूबाई भाकरी थापत होत्या, तो आवाज थांबला.

तुला कळवायचे नव्हते, पण कधी तरी कळेलच. आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. सासूबाईंनी यांच्यासाठी दुसरी मुलगी पाहिली आहे. गुरम्मा नाव, सतरा वर्षांची. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली की लग्न. मला विचारले, मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? विषय निघाला की हे दुकानात निघून जातात. तिच्यासाठी मी दुकानातून हिरवे लुगडे काढून ठेवले आहे. चांगले आहे, पदर भरलेला आहे.

मी रागावले नाही. पुढच्या वेळी दुसरा एखादा शब्द सापडतो का बघ. नाही सापडला तर तोच लिही, वाचताना मी गाळीन.

परवा दुपारी डोळा लागला तेव्हा तुझी नदी आली. दोन्ही काठांवर ते बिनपंखी बसले होते. मी मधे पाण्यात उभी होते, आणि पाणी कोमट होते. जाग आल्यावरही पाय ओलेच वाटत होते.

प्रकृतीला जप. आठवण ठेवतोस तशीच ठेवीत जा.

तुझी
अक्का


बोरीकाठ
ता. ९ नोव्हेंबर १९३४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र लिहायला हात धजला नाही. तो शब्द मी लिहिला, आणि तो तूच मोठ्याने वाचणार हे माझ्या डोक्यात आले नाही. किड्यांचे डोळे बघणाऱ्याला सख्ख्या बहिणीचे दिसले नाहीत.

त्या लग्नाविषयी ऐकून इतका संताप आला की दाजींना भेटायला निघालोच होतो. तू म्हणशील त्या दिवशी येईन आणि तोंडावर बोलेन.

इथेही सारे फसले. संकराच्या वीस माद्या रानातल्या नरांबरोबर ठेवल्या होत्या. त्यांनी अंडी घातली. आज काही अंडी फोडून पाहिली, तर आत डोळ्यांचे काळे ठिपके. म्हणजे पिल्ले जिवंत आहेत. खेचर झालेच नाही. शेतकी खात्याचे आमचे साहेब म्हणाले, मार्चपर्यंत पेट्या रिकाम्या करा. थंडीने निम्मे मेले आहेत, उरलेले उद्या-परवा सोडून देतो.

मी चुकलो तरी मला परके करू नकोस.

रेवणप्पा


भवानी पेठ, सोलापूर
ता. १७ नोव्हेंबर १९३४

चि. तम्मास आशीर्वाद.

येऊ नकोस. तू भांडायला लागलास की तुझे नाक लाल होते आणि सगळे हसतात. लहानपणापासून बघते आहे.

आणि ते किडे इतक्यात सोडू नकोस. तुझे पत्र मी चार वेळा वाचले. माद्या किती, त्यांनी अंडी कधी घातली, अंड्यांत काय दिसले, सगळे आहे. त्यांच्या भावांबद्दल एक ओळ नाही. त्याच पेटीत नरही जन्मले असतील ना? त्यांचे काय केलेस? की त्यांची परीक्षा घ्यायची हे तुम्हा शिकलेल्यांच्याही मनात येत नाही?

तुला एक सांगते, कुणाला सांगितलेले नाही. अकरा वर्षांत मला तीन वैद्यांकडे नेले, कडू काढे पाजले, ओल्या लुगड्याने सिद्धेश्वराला प्रदक्षिणा घालायला लावल्या. शेवटी मिशनच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासून म्हटले, तुझ्यात काही दोष नाही, नवऱ्याला पाठव. सासूबाई टांग्यात घरापर्यंत हसत होत्या. म्हणत होत्या, बाईला काय कळतंय, पुरुषाला कुटं तपासत्यात व्हय! मीही त्यांच्याबरोबर थोडी हसले. याचे मला अजून वाईट वाटते.

यांना कुणी कुठे नेले नाही. मीही कधी म्हटले नाही. म्हणून तुला म्हणते, नर बघ.

चटणी पाठवली आहे. अक्कावरचा जीव कमी करू नकोस.

अक्का


बोरीकाठ
ता. २ डिसेंबर १९३४

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले तेव्हा पेटीत सतरा नर जिवंत होते. त्यातले नऊ उघडून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले. शेजारी रानातला साधा नर ठेवला. साध्या नरात गड्ड्यावरची गर्दी असते तशी बीजांची नुसती वळवळ. संकराच्या नरात काही नाही. स्वच्छ, रिकामे पाणी. नऊच्या नऊ तसेच! बहिणी भरलेल्या आणि एकाच आईचे भाऊ रिकामे. मी खुर्चीवरून उठून बाहेर गेलो आणि उगीचच ज्वारीतून फिरत राहिलो. कणसांवर ऊन होते. आपण चालतो आहोत की कुणी चालवते आहे, ते कळेना.

उरलेले आठ नर माझ्यापुढे बसून पाला खातात, उड्या मारतात, मादीशी जोडीही लावतात. तिला काही कळत नाही. ती अंडी घालते, पण ती कोरडी राहतात, आत पिल्लू धरत नाही. म्हणजे शेतात हेच नर सोडायचे. साहेबांनी स्वतः यंत्रात डोळा घातला आणि मला दोन वर्षांची मुदत दिली. कुणाच्या सांगण्यावरून नर पाहिले, असे त्यांनी विचारले. मी तुझे नाव सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आहे.

अक्का, हे पत्र दाजींसमोर वाचायचे की नाही, ते तू ठरव.

तुझा ऋणी भाऊ
रेवणप्पा


भवानी पेठ, सोलापूर
ता. २१ जानेवारी १९३५

चि. तम्मास आशीर्वाद.

पत्र वाचले. एक शब्द न गाळता वाचले. आवाज कापू दिला नाही. हे झोपाळ्यावर होते. पाय टेकवून त्यांनी झोपाळा थांबवला, उठले आणि जेवायचे सोडून बाहेर गेले.

चौथ्या दिवशी त्यांनी पत्र मागून घेतले, चष्मा लावला आणि स्वतः वाचले. त्यानंतर एका सकाळी धुतलेले धोतर नेसून एकटेच मोठ्या दवाखान्यात गेले. तिथेही तसलेच यंत्र आहे म्हणे.

जत्रेच्या आदल्या दिवशी सासूबाई चुलीपुढे होत्या, मी ताट वाढत होते. हे उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, आई, गुरम्माच्या वडलांना निरोप धाड, लगीन न्हाय व्हायचं. दोष माझ्यात हाय. गौरम्मात कदीच नव्हता. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी सासूबाईंनी उलटली नाही. मीच पुढे होऊन उलटली.

सहा दिवस सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. काल दुपारी तेलाची वाटी घेऊन आल्या, म्हणाल्या, बस हितं. माझे केस सोडले आणि तेल लावत राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मला यांची काळजी वाटते, तम्मा. संध्याकाळी तळ्याकाठी जाऊन बसतात. मीही शेजारी जाऊन बसते. पाण्यात देवळाचा कळस हलत असतो. एकदा म्हणाले, तू मला आदीच का सांगितलं न्हाईस? मी म्हटले, तुमी कदी विचारलंच न्हाई की. त्यावर त्यांनी माझा हात धरला. चार माणसांत!

आमच्यावरचा लोभ सोडू नकोस.

अक्का


भवानी पेठ, सोलापूर
ता. २६ जुलै १९३६

रा. रा. रेवणप्पा यांस धोंडप्पाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुमची अक्का म्हणाली, या वेळी तुमीच लिवा. चुकले तर हसू नये.

तुमच्या शेतावरून आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही दोन ओढ्यांमधले शेत दाखवलेत, ते डोळ्यांपुढून हलत नाही. गेल्या भाद्रपदात तिथे संकराचे दीड हजार नर सोडलेत आणि आता जमिनीतून काढलेल्या अंड्यांच्या दहा पुंजक्यांत सात कोरडे निघाले, हे मी दुकानात येईल त्याला सांगतो. एका शेतावरून काही सिद्ध होत नाही असे तुमचे साहेब म्हणतात, ते खरे असेल. पण गुरप्पा पाल्याला हात लावून म्हणाला, औंदा पानं लई ऱ्हायली की. मला तेवढे पुरे.

तुम्ही आत गेलात तेव्हा मी त्या पेटीत हात घातला होता, हे तुम्हाला सांगितले नाही. पाळलेल्या संकराच्या नरांतला एक बोटावर येऊन बसला. त्याला बघून लाज वाटेल असे मी घरूनच मनात धरून आलो होतो. नाही वाटली. तो पाला खात होता, मिशा हलवत होता. ऊन अंगावर घेत होता. बऱ्याच वेळाने मीच त्याला खाली ठेवले.

गुरम्माचे लग्न वैशाखात बार्शीकडच्या एका मास्तराशी झाले. तिच्या वडलांनी बोलावले, आम्ही दोघे गेलो होतो.

परतीची हकीकत लिहायची राहिली. अक्कलकोट रोडला गाडीत बसलो आणि होटगीच्या आत तुमच्या अक्काला झोप लागली. डोके माझ्या खांद्यावर आले. समोर माणसे होती, एक म्हातारी बघत होती. सोलापूर आले, हमाल ओरडले, माणसे उतरली. तिला उठवायला माझे मन होईना. गाडी सुटली. बाहेर सगळीकडे कोवळी ज्वारी होती, आणि मी हललो नाही. मोहोळला ती जागी झाली, फलाटावरची पाटी वाचली आणि इतकी हसली की म्हातारीही हसू लागली. परतीच्या गाडीला तीन तास होते. आम्ही फलाटावर शेंगा खात बसलो. लग्नानंतर आम्ही दोघे असे कुठे बसलोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आले.

तुमचा आमच्यावर जीव आहे हे ठाऊक आहे. तो राहू द्यावा, ही विनंती.

आपला
धोंडप्पा