एका बोटाखाली सहा तारा

चाचा, परवा गिटारवर एफ वाजला. सहाही तारा वाजल्या, एकही मुकी राहिली नाही. राजापेठेतल्या क्लासमध्ये माझ्या मुलीच्या वयाची एक मुलगी शिकवते. "काका, आता तरी हसा की!" म्हणाली. मला तुमची आठवण आली. मी तुमच्याकडे यायचं का सोडलं, त्याचं खरं कारण पन्नाशीला टेकल्यावर तरी तुम्हाला सांगावं असं वाटलं.

चांदूर रेल्वेतलं तुमचं गाद्या भरायचं दुकान. एरवी कापूस पिंजायचा, लग्नसराईत बँडमध्ये गिटार वाजवायची. अजून दिसतं: कॉलेज सुटलं की मी येतो. तुम्ही तारांवर बसलेला कापूस फुंकता आणि गिटार माझ्या मांडीवर देता. बाकीच्या कॉर्ड जमल्या होत्या. एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, तिथं सगळं अडलं. मी जीव खाऊन दाबायचो आणि नुसता थडथड आवाज यायचा. "काहून रे, तारेवर राग काढून राहिला काय? बोटानं नाही, कोपरानं दाब," म्हणत तुम्ही माझं कोपर हलकेच अंगाशी ओढायचे. नमाजाला जाताना सांगायचे, "मी येतो तवर बोट तसंच ठेव. वाजवू नोको." मी लहानपणापासून देवळात भजनाला बसणारा, पण एका जागी मन ठेवणं म्हणजे काय, ते तुमच्याकडे पाहून कळलं. दोन महिने तुम्ही माझ्या एका बोटामागे घालवले, एकदाही आवाज चढवला नाही. मला त्याचीच लाज वाटायला लागली.

म्हणून एक दिवस सांगितलं, "बाबा नाही म्हणतात." आणि यायचं सोडलं.

तुम्ही बाबांना समजवायला आमच्या गावी आलात. त्यांना माझ्या थापेचं काहीच माहीत नव्हतं. गळ्यात माळ घातलेला, कधी खोटं न बोलणारा माणूस, पण माझी लाज राखायला ते म्हणाले, "हो, मीच नाही म्हनलं." तुम्ही चहा घेतलात. "बरं भाऊ. पण पोराचा हात चांगला आहे," एवढंच बोलून उठलात.

बाबांनी कधीच अडवलं नव्हतं, चाचा. मला जमत नव्हतं, इतकंच. हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. त्या दिवशी मी आतल्या खोलीत होतो. खिडकीतून तुमची सायकल दिसत होती. कॅरिअरला गादीच्या खोळीत गुंडाळलेली गिटार बांधली होती, तुमच्या गिटारीपेक्षा आखूड. ती कुणासाठी आणली होती, ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी बाहेर आलो नाही.