अडचण असेपर्यंतचं घर

प्रिय लोरेटा,

अक्षर बघून हसू नकोस. एरवीही माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आज जरा जास्तच आहे. इथे अलास्कात, मासळीच्या कारखान्यात, थंडी तीच, वास तोच. अंघोळ केली तरी उशीला माशाचा वास येतो.

तुझा फोन आल्यापासून डोकं चालेनासं झालंय. डॅडी गेले, आणि काउंटीच्या ऑफिसात घरांचे परवाने बघणारी मिस वॉनिटा म्हणते, ‘अडचण संपली, आता मागच्या अंगणातलं छोटं घर हलवा.’ डॅडी गेले म्हणजे अडचण संपली? मला वाटलं, आता सुरू झाली.

तो नियम मला पहिल्यापासून कळलाच नाही बघ. डॅडींनी आणि मी ते घर ट्रेलरवर बांधलं, तुझ्या अंगणात आणून लावलं, तर इन्स्पेक्टर म्हणाला, ‘चाकं आहेत, म्हणजे ही गाडी. गाडीत कायमचं राहता येत नाही.’ आम्ही चाकं काढली. तो परत आला. ‘आता हे घर झालं. एका जागेवर दुसरं घर चालत नाही.’ डॅडी म्हणाले, ‘मग बाबा, एकच चाक ठेवू का?’ तू हसून हसून पायरीवर बसलीस. शेवटी मिस वॉनिटानंच वाट काढून दिली: आजारी नातेवाइकाला सांभाळायचं असेल, तर अडचण असेपर्यंत दुसरं घर चालतं. डॅडींची फुप्फुसं खराब, म्हणून घर उभं राहिलं.

आणि तो उन्हाळा? त्यांना जरा बरं वाटायला लागलं, तर तू कौतुकानं इन्स्पेक्टरला सांगून बसलीस, ‘आता लाकडं फोडतात!’ त्यानं पेन काढायच्या आत डॅडी असे खोकले, की बिचाऱ्यानंच पाणी आणून दिलं. तो गेल्यावर तुला म्हणाले, ‘पोरी, मला बरं करून बेघर करतेस काय?’

शेजारचा अर्ल पुन्हा चाकं लावून घर ओढून न्यायला तयार आहे म्हणालीस. नेणार कुठे, ते त्यालाही माहीत नाही. त्याला थांबव. तू नेहमी म्हणायचीस ना, ‘घराची चाकं निघाली ट्रॅव्हिस, तुझ्या बुडाखालची कधी निघायची?’ निघाली बघ.

हे पत्र मी डाव्या हातानं लिहितोय. उजवा हात मासे कापायच्या यंत्रात सापडला. अंगठा शाबूत आहे, बाकी बोटांचं डॉक्टर धड सांगत नाही. रडू नकोस, आता दुखत नाही. म्हणजे दुखतं, पण चालतंय. मी ओरेगनला परत येतोय. तू फक्त मिस वॉनिटाला विचारून ठेव, भाऊ नातेवाइकांत धरतात का, आणि हात अडचणीत बसतो का. बसत असेल तर मी डॅडींच्या घरात राहीन, लाकडं डाव्या हातानं फोडीन, कुठे म्हणून जाणार नाही. आणि तिला आणखी एक गोष्ट विचार, पण हळूच: हात बरा झाला तर घर पुन्हा जाणार का? म्हणजे मी बरं व्हावं की होऊ नये, तेच मला कळेना.

तुझाच, गोंधळलेला,
ट्रॅव्हिस