काच आपोआप वर जाते

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. चौथीत शाळा सुटली म्हणून काय झालं, बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतेय. मुलीने गाडीत बसवायचं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बनवलंय. चावी बंद केली की चारही काचा आपोआप वर. मध्ये काही अडकलं की मोटर जास्त करंट ओढते, कार्डाला ते कळतं, काच थांबते. डॉक्टरीणबाईंच्या गाडीला बसवलं. हे चाललं की गिऱ्हाइकांची रीघ लागेल, आणि मुलगी ती परगावची नोकरी आपसूक विसरेल. शुक्रवारपर्यंत तिला हो-नाही कळवायचंय. मी अडवणार नाही. मी कोण अडवणारी.

मंगळवार, ४ मार्च
डॉक्टरीणबाई गाडी परत ठेवून गेल्या. मागची काच अर्ध्यात थांबते. मुलगी म्हणाली, काचेचं रबर कडक झालंय, साफ करून ग्रीस लाव. कार्डावरच्या बारीक स्क्रूला हात लावू नकोस, किती करंटला थांबायचं ते त्याच्यावर ठरतं. मला शिकवते. पाना धरायला तिला मी शिकवलं.
रात्री नोकरीचा विषय काढला नाही. जेवताना फक्त तीनदा विचारलं, तिकडे आजारी पडलीस तर कोण बघणार. ताट सोडून उठली. म्हणजे मन वळतंय.

बुधवार, ५ मार्च
चार दारं खोलायची म्हणजे अर्धा दिवस. स्क्रूला अर्धं मिनिट. पाव फेरी दिली. काच पाऊण गेली. नवरा म्हणाला, पोरीला विचार. मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

गुरुवार, ६ मार्च, दुपारी १२.४०
कोणी बघायला नको म्हणून दुकानाला कुलूप लावलं. गाडी बाहेरच, माझं दार भिंतीकडे करून लावली. स्क्रू शेवटपर्यंत पिळला. डोकं बाहेर काढून मागच्या काचेवर नजर ठेवली आणि चावी बंद केली. चारही काचा झोकात वर. जमलं.
डोकं वेळेत आत आलं. वेणी नाही आली.

१.०५
मोटर थांबेचना. मग जळका वास. मग फ्यूज उडाला. फ्यूज डॅशबोर्डखाली, वाकता येत नाही. भिंतीकडचं दार वीतभरच उघडतं. कातर दुकानात. हाताशी असती तरी कापली नसती, कमरेएवढी वेणी आहे. मान वाकडी करून लिहितेय. बाकी सगळं ठीक.

१.३०
नवऱ्याला फोन. म्हणाले, पोरीला पाठवतो. खबरदार म्हटलं.

१.५०
समोरच्या बसस्टॉपवरून एक ओळखीची बाई हात करून गेली. मीही केला. निवांत बसलेय असं वाटलं पाहिजे.

२.१५
मुलगी आली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. पलीकडच्या दाराने आत शिरली, कार्ड काढलं, फ्यूज बदलला, काच उतरवली. माझ्या वेणीवरचा काळा डाग पुसत म्हणाली, "अडकलं की थांबायचं, आई. त्या कार्डाला मी एवढंच तर शिकवलंय."
मी म्हटलं, रबर कडक होतं.
"मी सोमवारीच हो कळवलंय. तू बोलू कुठे देतेस?"

रविवार, ९ मार्च
सकाळी आठला तिची बस सुटली. मी रडले नाही, डोळ्यात ग्रीस गेलं होतं. येऊन चारही दारं खोलली, रबरं साफ केली. काच लोण्यासारखी चालते. मला हे आधीच माहीत होतं.
कार्डाच्या स्क्रूवर तिने पट्टी चिकटवलीय. वर लिहिलंय, "आई, नको."
नाही लावला हात. एवढी समज मला आहे. सकाळी स्टँडवरून परततानाच पोचलीस का म्हणून तेवढे चार फोन केले. पाचव्याला उचलला. म्हणाली, आई, बस अजून नाक्यावरच आहे.